आठ गुंजा

त्या वर्षी मला भोरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून सतरा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, काढा दिला. पण सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार यायचा तो पुन्हा आडवं कधी होता येईल याचा. लढाईच्या वर्षांनी सगळ्यांचंच तसं झालं होतं. रेशनची किडकी ज्वारी, रॉकेलची रांग, मुलांना वह्यांपुरताही कागद नाही. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यातल्या स्पिरिटच्या दिव्यात दोन वर्षांपासून स्पिरिट नव्हतं. मी प्रयोग फळ्यावर खडूने काढून दाखवायचो, आणि मुलं ते खरे मानायची.

पुण्याचं वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने येई. श्रावणातल्या एका दुपारी हेडमास्तर ते हातात धरूनच माझ्या वर्गात आले. जपानमधल्या एका शहरावर एकच बॉम्ब टाकला होता आणि शहर राहिलं नव्हतं.

"तुम्ही विज्ञानाचे," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी मुलांना आणि गावातल्या मंडळींना समजावून सांगा, हे आहे तरी काय."

मलाच ते माहीत नव्हतं. माझं शिक्षण इंटर सायन्सपर्यंत. वडील गेले तेव्हा पुणं सोडून मी गावी आलो तो आलोच. कॉलेजातल्या माझ्या एका जुन्या प्राध्यापकांना त्याच दिवशी पत्र टाकलं. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, बारीक अक्षरात अडीच पानं.

ती पानं मी किती वेळा वाचली याला हिशेब नाही. सतरा वर्षं मी मुलांना शिकवत आलो होतो की डोंगरावरच्या धोंड्यात शक्ती असते कारण तो उंचावर आहे, गडगडणाऱ्या धोंड्यात असते कारण तो हलतो आहे, लाकडात असते कारण ते जळतं. अंगणात नुसता पडलेला, गार, न हलणारा धोंडा माझ्या हिशेबी रिकामा होता. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की तसं नाही. तो धोंडा काहीही न करता, फक्त आहे म्हणून, त्याला वस्तुमान आहे म्हणून, शक्तीने भरलेला आहे. बाकीच्या सगळ्या शक्ती तिच्यापुढे मोजायच्याही लायकीच्या नाहीत. वस्तुमान आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. प्रकाशाचा वेग घ्या, त्याला त्यानेच गुणा, आणि त्याला वस्तूच्या वस्तुमानाने गुणा, म्हणजे उत्तर आलं.

मी गुणाकार तीनदा केला, कारण उत्तरावर विश्वास बसेना.

"अहो, भाकरी निवाली," बायको म्हणाली.

मी हातातला घास तिला दाखवला. म्हटलं, "ह्या एवढ्या घासात भोरला कित्येक वर्षं पुरेल एवढं सरपण आहे."

"मग तो आधी खा," ती म्हणाली. "चेहरा बघा आरशात."

मुलांना वजनाची कल्पना यावी म्हणून मी आमच्या शेजारच्या सोनाराकडून सोनं तोलायच्या आठ गुंजा मागून आणल्या. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक असायचं. शनिवारी शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर त्या लाल गुंजा ठेवल्या. बाहेर पाऊस, पुढे मुलं, मागे गावातले वकील, दुकानदार, दोन-तीन कारकून.

मी म्हटलं, "ह्या गुंजा हलत नाहीत, जळत नाहीत, गरम नाहीत. पण ह्यांच्यातलं सगळं वस्तुमान मोकळं करता आलं, तर जी शक्ती निघेल ती सहा हजार बैलगाड्या कोळशाएवढी असेल. प्रत्येक गाडीत अर्धा टन. ह्या गाड्यांची ओळ लावली तर भोरपासून नसरापूर ओलांडून पार कात्रजच्या घाटाला भिडेल."

मुलं हसली. खोटं वाटतंय म्हणून हसली असावीत. एक वकील म्हणाले, "मास्तर, मग आपण इतकी वर्षं कोळसा कशाला जाळतोय?"

"कारण ते कुलूप कुणाला उघडता येत नव्हतं," मी म्हणालो. "आता थोडंसं उघडता आलंय."

मग मी त्या शहराबद्दल बोललो. वर्तमानपत्रात होतं तेवढंच. हे कुलूप उघडलं नसतं तर बरं होतं, असं म्हणून मी खाली बसलो. हेडमास्तरांनी आभार मानले आणि मंडळी छत्र्या उघडत गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की त्या शहरावरच्या बॉम्बमध्ये जे वस्तुमान नाहीसं झालं, ते माझ्या टेबलावरच्या आठ गुंजांएवढंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. माझं व्याख्यान खरं तर माझ्या कल्पनेपेक्षाही जास्त खरं होतं.

सगळे गेल्यावर दाराशी एक बाई उभी राहिलेली दिसली. हातातल्या इरल्यातून पाणी निथळत होतं. मी तिला ओळखत होतो. ती हिर्डोशीची, वरंधा घाटाकडची. पन्नाशीची असेल. नवरा केव्हाच वारलेला. तिचा एकुलता मुलगा पलटणीत होता, आणि त्याची पत्रं वाचायला, त्याला उत्तर लिहून घ्यायला ती पहिल्यापासून माझ्याकडे यायची. आठ-नऊ कोस चालत. मलाया पडल्यावर पत्रं थांबली. जपान्यांच्या कैदेत असल्याचं एक छापील कार्ड आलं, आणि त्यानंतर तीन वर्षं काही नाही. तरी ती बाजाराला भोरला आली की माझ्या दारावरून जायची. "काय न्हाई का, मास्तर?" एवढंच विचारायची.

"मास्तर, म्या समदं ऐकलं," ती म्हणाली. "कळलं न्हाई. येक सांगा. त्या बाँबनं लढाई थांबली का?"

"थांबली, मावशी. जपान शरण आलं."

"म्हंजी माजा ल्योक ज्यांच्या ताब्यात हाय, त्येंनीच हात टेकलं?"

"हो."

"मंग येईल त्यो," ती म्हणाली.

ती पुढे आली आणि टेबलावरच्या गुंजांना तिने हात जोडले. डोळे मिटून, देवापुढे जोडतात तसे. तासभर मी जे भयंकर म्हणून सांगितलं होतं त्याला ती नमस्कार करत होती, आणि मला तिला थांबवण्याचा काही अधिकार आहे असं वाटलं नाही. जी माणसं मेली तीही कुणाची तरी मुलं होती, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. ती भिजली होती आणि तिला परत आठ कोस जायचं होतं. मी तिला घरी नेऊन चहा दिला.

दिवाळीनंतर कार्ड आलं. मुलगा जिवंत होता, कुठल्याशा लष्करी इस्पितळात. आणि मार्गशीर्षात तो घरी आला. हे मला कळलं ते तिच्या निरोपावरून. "ल्योक आला. पर बोलत न्हाई. येकदा येऊन जावा."

नाताळच्या सुट्टीत मी निघालो. निम्म्या वाटेपर्यंत एक बैलगाडी मिळाली, पुढे नीरेच्या काठाने चाललो. त्या वाटेवर मी किती वेळा बसलो ते सांगायला लाज वाटते. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी पडली होती, खळ्याखळ्यावर नाचणी मळणं चालू होतं. दर वळणावर वाटायचं, इथूनच परत फिरावं.

तो खळ्याच्या कडेला एका दगडावर बसला होता. मी त्याला भरतीच्या वेळी पाहिलं होतं. दारात मावत नव्हता असा गडी. आता सदरा त्याच्या अंगावर काठीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी शेजारी बसलो. त्याने 'रामराम' एवढंच म्हटलं. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला बसायचंच होतं. कदाचित म्हणूनच तो बोलला असेल.

"आई म्हंती, तुमी शाळंत सांगितलं. नुसत्या पडल्याल्या दगडात बी लई ताकद आसती म्हून."

"असते."

"मान्सात बी?"

"माणसातही. वजन असलेल्या प्रत्येक गोष्टीत."

तो आपल्या मनगटाकडे बघत राहिला. "भरतीला म्या येकशेचाळीस पौंड भरलो व्हतो. सुटलो तवा ब्याऐंशी. मंग मधलं कुठं गेलं, मास्तर? तेवढ्यात तर डोंगुर हालला आस्ता."

इतक्या वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी विचार करून उत्तर दिलं, कारण त्याला धीर देण्यासाठी काहीतरी बोलणं हा त्याचा अपमान झाला असता.

"ते तसं नाही गेलं," मी म्हणालो. "अंगातलं मांस लाकडासारखं जळलं. त्याचा धूर श्वासातून गेला, पाणी घामातून गेलं. ते वजन जगातच कुठंतरी आहे, नाहीसं झालेलं नाही. ती दुसरी शक्ती, दगडातली, तिला कुणी हातच लावलेला नाही. ती कुलपात असते. तू ब्याऐंशी पौंडांचा होतास तेव्हाही एक अख्खं शहर उडवण्याइतकी शक्ती तुझ्या करंगळीत होती."

"आन् मला तांदळाचं पोतं उचलंना."

"हो. उपाशी माणसाला त्यातला कणही मिळत नाही."

तो पहिल्यांदाच थोडा हसला. मग एकाएकी बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

त्यांना एका बेटावर नेलं होतं. दिवसभर जहाजातून पोती उतरवायची. मार्गासनीचा एक जण त्याच्याबरोबर होता. पलटणीत आल्यापासून दोघं एकत्र. जो काम करील त्याला मूठभर भात, जो पडून राहील त्याला त्याच्या निम्मा. शेवटच्या वर्षी मार्गासनीचा तो आजारी पडला. एका सकाळी ह्याने हाक मारली तर तो उठला नाही.

"झाडाला टेकून बसला व्हता. बसल्या जागीच गेला. म्या त्येच्या तोंडावर फडकं टाकलं आन् शिपायाला सांगितलं, ताप हाय, निजलाय. त्येचा निम्मा वाटा म्या घेतला. दुसऱ्या दिशीबी तसंच. तिसऱ्या दिशी वास आला तवा सांगितलं. मास्तर, मेल्याल्या दोस्ताच्या भातावर म्या जगलोय. त्येच्या घरला अजून बेपत्ता म्हूनच कागुद हाय. समोर डोंगराच्या पल्याड त्येंचं गाव, आन् मला जाववंना."

आई दारात उभी होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. ती आत वळली आणि भांड्यांचा आवाज करू लागली.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो. असं मी का म्हणालो कुणास ठाऊक. माझे पाय सुजले होते आणि सुट्टीचे चार दिवस मला निजून काढायचे होते.

दोन दिवसांनी आम्ही भोरहून मोटारीने नसरापूरला उतरलो आणि तिथून मार्गासनीच्या वाटेला लागलो. दर मैलाला आम्ही थांबायचो. एकदा तो दमायचा, एकदा मी. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. बोलणं हे माझं काम होतं. मी ठरवलं होतं की मीच सांगेन, झोपेत गेला, त्रास झाला नाही, एवढं पुरे. वाट्याचं सांगायची काही गरज नाही. त्यालाही मी तसं म्हटलं. तो पुढे चालत राहिला.

मित्राचा बाप ओसरीवर दोर वळत होता. सत्तरीचा म्हातारा, हात मात्र चपळ. आम्हाला पाहून त्याने दोर खाली ठेवला. आत सून होती, चौकटीआड. तिच्या कपाळावर कुंकू होतं.

मी घसा खाकरला. पण माझ्या आधी तोच बोलला.

"आबा, म्या तुमच्या पोराबरूबर व्हतो."

"व्हता, म्हंजी आता न्हाई," म्हातारा म्हणाला.

"न्हाई."

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. मी माझं जुळवलेलं वाक्य काढलं, "झोपेतच गेला, त्रास..." पण माझ्या सोबत्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. झाड, फडकं, दोन दिवस, दोन वाटे. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर तो उभा राहिला, कुणी मारणार असेल तर मारून घ्यावं तसा.

म्हाताऱ्याने दोर उचलून बाजूला सरकवला. मग म्हणाला, "किती भात आसायचा?"

"आर्दी मूठ, आबा."

"दोन दिस?"

"दोन दिस."

"म्हंजी येक मूठ," म्हातारा म्हणाला. त्याने स्वतःची मूठ मिटून समोर धरली आणि तिच्याकडे बघितलं. वळून वळून दोराने कातडी सोललेली मूठ. "बस खाली," तो म्हणाला. "हुबा ऱ्हाऊ नगंस. पडशील."

तो बसला.

मग चौकटीआडून सून बोलली. आवाज अगदी साधा होता. "दिस कंचा व्हता?"

त्याने मान हलवली. तारखा त्यांना कुणालाच कळत नव्हत्या. मग तो म्हणाला, "वैनी, चांद भरायला दोन दिस कमी व्हते. त्येला पुरलं त्या दिशी पुनव व्हती. येवढं पक्कं ध्यानात हाय."

"म्हंजी तेरस," ती म्हणाली. "म्हैना?"

"म्हैना न्हाई सांगता येत. तिकडं बाराबी म्हैनं पाऊस."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मागच्या दाराने ती ओढ्याकडे गेली असावी. आम्ही असेपर्यंत ती परत आली नाही. शेजारची एक बाई येऊन चूल बघू लागली. जाताना मी सुनेकरता काहीतरी बोलावं असं मनात होतं, पण बोलायला समोर कुणी नव्हतं.

म्हाताऱ्याने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात आणि वालाचं कालवण. त्याने वाढलेलं सगळं माझा सोबती जेवला. हळूहळू, मान खाली घालून, शीत न् शीत. मी मात्र दोन घासांच्या पुढे जाऊ शकलो नाही.

परत येताना मी विचारलं, "मी सांगितलं असतं तेवढं का पुरलं नसतं?"

"तुमी चांगलं सांगितलं आस्तं, मास्तर," तो म्हणाला. "पर मला आजून येक वजान उचलायचं नव्हतं."

नसरापूरला मोटार चुकली. दुकानाच्या फळीवर आम्ही दीड तास बसलो. मला तिथे बसल्या बसल्या झोप लागली. जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तो अंग न हलवता बसला होता.

त्यानंतर मला वाटत होतं तसं काही झालं नाही. मी ताजातवाना झालो नाही. शाळा तशीच, कपाट तसंच, माझे पाय तसेच. पुढच्या वर्षापासून मी वर्गात धोंड्याचा धडा बदलून सांगू लागलो, पण परीक्षेत जुनंच उत्तर विचारायचे, म्हणून मुलं जुनंच पाठ करायची, आणि मीही त्याला गुण द्यायचो.

हिर्डोशीचा तो हळूहळू माणसात आला. अंगाने पहिल्यासारखा कधीच झाला नाही. मार्गासनीच्या सुनेने कुंकू पुसलं, पण माहेरी गेली नाही. सासऱ्याचं शेत तिने धरलं. महिना माहीत नसल्यामुळे त्यांनी पितृपंधरवड्यातली तेरस धरली.

पुढच्या आषाढात, आपली लावणी उरकून, तो डोंगराला वळसा घालून मार्गासनीला गेला आणि म्हाताऱ्याच्या खाचरात उतरला. त्याच्या पुढच्या वर्षीही गेला. म्हाताऱ्याने त्याला कधी 'ये' म्हणून निरोप धाडला नाही, आणि आला तर 'का आलास' असंही कधी विचारलं नाही. चार दिवस तो चिखलात वाकून रोपं लावायचा. सून बांधाच्या दुसऱ्या अंगाने लावत यायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत, असं त्याच्या आईने मला सांगितलं.

"मंग जातोस कशाला?" असं तिने त्याला एकदा विचारलं होतं म्हणे.

"लावणी आसती म्हून," तो म्हणाला होता.